कोपऱ्यातलं नाव

३ नोव्हेंबर
जयपुरात पोचले. भाची मयूरी इथे विमा कंपनीत अधिकारी. तिच्या जवाहर नगरच्या घरात मला गच्चीलगतची, भरपूर उन्हाची खोली मिळाली आहे. पोह्यांवर बिकानेरी शेव घालते ही मुलगी. घालू दे, मी खूष आहे. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी बोटांना शाई लागणार.
आमेरला पवनजींच्या गेस्टहाउसात एक जुनी बौद्ध शिळा आहे. तिच्यावर पुस्तक लिहिणार माझे जुने साहेब वसंतराव, ठसे घेणार मी. संग्रहालयात तीस वर्षं हेच चाललं. त्यांच्या गाजलेल्या ग्रंथात सगळे ठसे माझे, वाचन माझं, आणि माझ्याबद्दल ओळ एकच: ‘कार्यालयातील एका बाईंची मदत झाली.’
एका बाईंची! या वेळी मी गप्प बसणार नाही.

४ नोव्हेंबर
शिळेवर स्तूपाला प्रदक्षिणा घालणारे तिघे, डोकी मुंडलेली. पहिल्याचं तोंड, दुसऱ्याचे डोळे, तिसऱ्याचे जोडलेले हात कुणीतरी छिन्नीने उडवले आहेत. वसंतराव म्हणाले, भिक्षू. मी म्हटलं, छातीवरचा पट्टा बघा, या भिक्षुणी आहेत. बायका पूजेत पुढे उभ्या राहिलेल्या कुणाला तरी खुपल्या. ते हसले. म्हणाले, सुधाबाई, तुम्ही ठसे घ्या, अर्थ आम्ही लावू.
अकरा वर्षं कॉन्व्हेंटात नन्सच्या छड्या खाल्ल्या मी. केस दिसले नाहीत तरी बाई मला ओळखता येते.
ओला कागद पहिलीवर बसवला, ब्रशने ठोकला, शाईची पुरचुंडी टेकवली. कागदाच्या कोपऱ्यात वसंतरावांनी नेहमीप्रमाणे स्वतःचं नाव घालायला लावलं. घातलं.

५ नोव्हेंबर
वाळलेल्या कागदावर पहिलीला तोंड आहे. दगडावर नाही. खालच्या ओठाखाली, डावीकडे, मस. हा मस मी तीस वर्षं रोज पाहिला आहे.
दुपारी शास्त्री नगरहून वसंतरावांच्या सुनेचा, ईश्वरीचा फोन. बाबांची वाचा गेली. डॉक्टरांना काहीच सापडत नाही.

६ नोव्हेंबर
योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं. दुसरीचा ठसा घेतला. नाव वळणदार अक्षरात घातलं, आडनावासकट. त्यांचंच हवं होतं ना?

७ नोव्हेंबर
त्यांना दिसेनासं झालं. ठशावर जाड भुवयांखाली ते बारीक डोळे उघडे आहेत.
भेटायला गेले. ईश्वरी रडत म्हणाली, मावशी, बाबा तुमचा हात शोधताहेत. दिला. तळहातावर त्यांनी बोटाने लिहिलं, माफी. तीस वर्षांनी! आणि तीही खाजगीत.
बोटं अजून शाबूत होती तर. तिथून थेट आमेरला गेले.

८ नोव्हेंबर
हात लुळे पडले. कागदावर तिसरी आता हात जोडून उभी आहे; करंगळीत त्यांची अंगठी.
वाईट वाटलं नाही. पोटभर जेवले.

९ नोव्हेंबर
मयूरी हसत आली. आमेरला जाऊन आली होती. आत्या, किती सोसणार तू? तिन्ही कागदांवर त्यांचं नाव खोडून तुझं घातलं. पक्क्या शाईत. मतलब, हक्काचंच आहे ते!
फोनवर फोटो दाखवला. पहिलीच्या ओठाखाली मस नाही. पुढे आलेले दोन दात.
माझे.
ओरडायला गेले. आवाज—
तिला वाटलं, आनंदाने कंठ दाटला. तेवढ्यात ईश्वरीचा फोन. बाबा बोलायला लागले! पहिल्यांदाच माझं पूर्ण नाव घेतलं म्हणे. मयूरी पेढे आणायला धावली—
वही काढली. ती आली की वाचेल— ओळी पुसट— ऊन आहे ना खोलीत? ऊन होतं—
अंदाजाने लिहिते. मयूरी, खोड. माझं नाव खोड, तिन्हीवरचं— पक्की शाई, नाही निघाली तर फाड— बोटं बधिर— नाव नको मला— त्याऐवजी लिही, एका बाईंची म