न भरलेली पिठीसाखर

नाना, आई आत झोपली आहे आणि मी जेवणाच्या टेबलाशी तुम्हाला लिहायला बसले आहे. काल दुपारपासून माझं चित्त ठिकाणावर नाही. आज सकाळी इंदूरला परतायची बस मुद्दाम चुकवली, ऑफिसात फोन करून काहीतरी थाप मारली. दोन ओळी लिहिते, उठते, आत डोकावून आई शांत झोपली आहे ना ते बघते, परत येऊन बसते. तुम्ही असतात तर चष्म्याच्या वरून बघत म्हणाला असतात, "एका जागी बस की जरा, पायाला भिंगरी लागली आहे का?" लागली आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, आणि आता माझे केस तुमच्यापेक्षा पांढरे झाले आहेत, तरी तुमच्यापुढे बसलं की माझी चुळबुळ काही जात नाही.

मी पुढे काय काम धरलं हे तुम्हाला कळायचं राहूनच गेलं. नवी औषधं माणसांवर तपासून बघतात, तेव्हा निम्म्यांना खरी गोळी देतात आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, आत काहीच औषध नसलेली. कुणाला कुठली मिळाली हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि देणाऱ्यालाही. शेवटी जे आकडे येतात त्यांचा अर्थ लावणं हा माझा धंदा. त्यातही गेली बरीच वर्षं माझ्याकडे येतात ती उदासीवरची औषधं. योगायोग म्हणायला हरकत नाही, पण मी तसं म्हणत नाही. तुमच्यामुळेच मी त्या दिशेला गेले, आणि तुमच्याकडून काय शिकले ते मला काल कळलं.

मिलच्या रंगखात्यात तुम्ही डाइंग मास्टर होतात. नवा रंग आला की कापडाच्या एकाच थानातून तुकडा कापायचा, रंगवायचा आणि घरी आणून गच्चीत उन्हात ठेवायचा, अर्ध्या तुकड्यावर पुठ्ठा बांधून. अर्धी बाजू उन्हात, अर्धी झाकलेली; दोन्ही ताडून बघितल्या की रंग किती उडाला ते कळायचं. मी शाळेत असताना एकदा मधेच गच्चीवर जाऊन उघड्या बाजूकडे बघितलं आणि खाली येऊन मोठ्या ऐटीत सांगितलं, "नाना, हा रंग टिकतो आहे. नक्की." तुम्ही जेवत होतात. घास तसाच हातात धरून म्हणालात, "झाकलेली बाजू बघितलीस?" मी नाही म्हणाले. "मग नक्की कशाच्या जोरावर म्हणतेस? झाकलेली बाजू बघितल्याशिवाय माझ्या घरात नक्की म्हणायचं नाही." बस, एवढंच. आवाजही चढवला नव्हता तुम्ही, पण मी दिवसभर तोंड फुगवून बसले होते. शेजारची सक्सेनांची मुलं गॅलरीतून चिडवत होती, "अरे, इसके नाना ने डाँट दिया!" हिंदीत नाना म्हणजे आईचे वडील, मग माझे वडीलच माझे 'नाना' कसे, हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही.

मग मिलचा भोंगा बंद झाला. त्याच वर्षांत उज्जैनच्या फ्रीगंजात दुकानांना मोठमोठ्या काचा लागत होत्या, घराघरांच्या गच्च्यांवर केबलच्या तारा येत होत्या, जो तो म्हणत होता की आता देश खुला झाला. आणि आमच्या घरात तुम्ही मिटत चालला होतात. सुरुवातीला आम्हाला वाटलं, नोकरी गेल्याचं दुःख आहे, होईल कमी. पण तुम्ही दाढी करेनासे झालात. पोह्यांवरची शेव बाजूला काढून ठेवायला लागलात, तुम्ही, ज्यांना शेवेशिवाय वरणही जात नव्हतं. सकाळी उठून पलंगाच्या कडेला बसायचं आणि दुपारपर्यंत तिथंच. काय होतंय विचारलं की म्हणायचात, "काही नाही गं. रंग उडाला." आईनं शेवटी धरून-बांधून तुम्हाला डॉक्टरकडे नेलं. मीही बरोबर होते. डॉक्टर भला माणूस होता, म्हणाला, "साहब, ये नई दवा है, पुरानी वाली से तकलीफ़ कम देती है। बस दो-तीन हफ़्ते धीरज रखिए।" एक कॅप्सूल, रोज सकाळी. येताना रिक्षात तुम्ही आईला म्हणालात, "कुणाला सांगू नकोस. लोक समजतील, डोकं फिरलं."

आणि फरक पडला, नाना. हे मला अगदी लख्ख आठवतं. लगेच नाही, पण पडला. एका सकाळी न्हाणीघरातून तुमचं गुणगुणणं ऐकू आलं आणि आई लाटणं हातात घेऊन दाराशी उभी राहिली. तुम्ही पुन्हा शेव मागायला लागलात. पण त्याच सुमाराला भैरवगढच्या एका कापड छापणाऱ्या कारखान्यानं तुम्हाला बोलावणं धाडलं होतं. बाहेरच्या देशातून ऑर्डर आली होती आणि त्यांचा लाल रंग धुण्यात पसरत होता. तुम्ही रोज सायकल काढून जायला लागलात, नखांत रंग घेऊन परत यायला लागलात. ते कारागीर तुम्हाला मास्टरजी म्हणायचे. आता सांगा, तुम्हाला बरं केलं ते कॅप्सूलनं की भैरवगढनं? हाच प्रश्न तुम्हालाही पडला. दुसरा कुणी देवाचे आभार मानून गप्प बसला असता. तुम्ही प्रयोग मांडलात.

त्यातलं मला तेव्हा एवढंच दिसलं की ओट्यावर दोन बाटल्या आल्या, एक निळ्या झाकणाची, एक लाल झाकणाची, आणि संध्याकाळच्या चहाला तुम्ही आकडे बोलायला लागलात. "आज सहा." "आज सात." मला वाटायचं, तुम्ही आईच्या चहाला मार्क देता आहात. एकदा मी म्हणालेही, "आज तर आलं घातलंय, मग पाचच का?" तुम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि तुम्ही इतके हसलात की चहा बशीत सांडला. बाकीचं सगळं मला काल कळलं.

काल आम्ही दोघी शेंगा सोलत बसलो होतो. आईची नजर आता कमी झाली आहे, पण हात सराईतपणे चालतात. मी सहज कामाविषयी सांगत होते, की चाचणीत कुणीतरी दया येऊन खोट्या गोळीच्या जागी खरी दिली तर अख्खा निकाल वाया जातो. ती एकदम थांबली. "मी तेच केलं होतं," म्हणाली.

मग तिनं सांगितलं. तुम्ही तिला म्हणाला होतात, "कॅप्सूल उघड, आतली पूड फेक, पिठीसाखर भर, आणि एका बाटलीत खऱ्या आणि दुसरीत साखरेच्या ठेव. पंधरा दिवस एक बाटली, पंधरा दिवस दुसरी. कुठली कशाची हे फक्त तुला ठाऊक असेल, मला कळता कामा नये. दिवस कसा गेला त्याचे मी दहापैकी मार्क देत जाईन." ज्याला आम्ही शास्त्र म्हणतो ते तुम्ही उज्जैनच्या एका स्वयंपाकघरात, मोडीत निघालेल्या मिलच्या शिस्तीवर, एकट्यानं रचलं होतं. मला तुमचा इतका अभिमान वाटला, पण पुढचं मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मी भरल्याच नाही," आई म्हणाली. "पिठीसाखर दळून ठेवली, एक कॅप्सूल उघडली पण. मग मला असा डर वाटला की काय सांगू. इतक्या मुश्किलीनं माणूस परत आला होता. त्याला मी आपल्या हातानं साखर चारू? दोन्ही बाटल्यांत खऱ्याच ठेवल्या. चुपचाप."

महिना-दीड महिना तुम्ही आकडे बोलत राहिलात. दोन्ही बाटल्यांचे आकडे अर्थातच सारखे आले. मग एका सकाळी तुम्ही जाहीर केलंत, ते मला आठवतं, मी कॉलेजला निघाले होते, "काही फरक नाही! औषध म्हणजे निव्वळ साखर. माणूस कामानं बरा होतो." किती खूश होतात! मिलमध्ये एखादा रंग तुमच्या अंदाजाप्रमाणे उतरला की जसे असायचात, अगदी तसे. "तेव्हाच बोलायला पाहिजे होतं मी," आई म्हणाली. "पण यांचं तोंड बघितलं आणि माझी जीभच उचलेना. एवढ्या दिवसांनी हा माणूस कशात तरी जिंकला होता."

तुम्ही कॅप्सूल बंद केलीत. डॉक्टरला विचारलं नाही, हळूहळू कमी करायची असते हे कुणाला ठाऊक नव्हतं, एकदम बंद. थंडी पडायच्या सुमाराला भैरवगढची ऑर्डरही संपली आणि तुम्ही पुन्हा पलंगाच्या कडेला बसायला लागलात. आईनं हातापाया पडून सांगितलं, परत सुरू करा. तुमचं एकच, "सिद्ध झालंय ते. साखर खाऊन काय होणार?" तेव्हा जर ती म्हणाली असती की मी तुम्हाला फसवलं, तर तुम्ही तिच्या हातचं पाणीही विश्वासानं प्यायला नसतात. असं तिला वाटलं. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलं आहे. पण ताप यायच्या कितीतरी आधी तुम्ही जगायचं सोडून दिलं होतंत, हे आम्हा दोघींना ठाऊक आहे. राम घाटावर दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर मनात बोला. मी बोलले, परीक्षेत पहिली येईन. आई काय बोलली ते तिनं काल सांगितलं. ती म्हणाली होती, "दोन्ही बाटल्यांत खऱ्याच होत्या."

एवढी वर्षं ती हे पोटात घेऊन वावरली. मला डबे भरून दिले, माझं लग्न लावलं, माझी बाळंतपणं केली. मला तिचा राग यायला हवा होता का? आला थोडा. तुमचाही आला, फार आला. बरा झालेला माणूस आपल्यावरच उलट तपासणी कशाला लावतो? मग शेंगांचं ताट बाजूला सारून तिनं विचारलं, "तू तर हेच काम करतेस. तुम्हा लोकांना कळत असेल. खरं सांग, माझ्यामुळे झालं का?"

नाना, मला काय कळतं ते तुम्हाला सांगते. ही औषधं काम करतात, पण सरासरी बघितली तर खोट्या गोळीपेक्षा फार पुढे जात नाहीत; ज्याचा आजार जास्त खोल, त्याला बहुधा जास्त उपयोग होतो. खोट्या गोळीनंही पुष्कळ लोक सुधारतात. ज्या चाचण्यांत औषध हरलं, त्यांतल्या बऱ्याच कंपन्यांनी छापल्याच नाहीत, म्हणून पूर्वी ते होतं त्याहून मोठं दिसायचं. एकदम सोडलं तर त्रास होऊ शकतो, बरा झालेला आजार उलटूही शकतो, आणि ही गोष्ट आमच्या लोकांनी लक्षात घ्यायला फार उशीर केला. हे सगळं हजारो माणसांबद्दल आहे. पलंगाच्या कडेला बसलेल्या एका माणसाबद्दल माझ्या शास्त्राला काही सांगता येत नाही. तुम्ही ती कॅप्सूल घेत राहिला असतात तर काय झालं असतं, ही तुमच्या आयुष्याची झाकलेली बाजू. तिच्यावरचा पुठ्ठा कुणालाच काढता येत नाही.

पण समोर आई होती. शेंगेचं टरफल बोटांत चुरत होती.

मी म्हणाले, "आई, ते औषध अंगातून उतरायला कितीतरी आठवडे लागतात. तू साखर भरली असतीस तरी नानांना पंधरा दिवसांत फरक कळला नसता. आकडे तेच आले असते. त्यांनी औषध तसंही सोडलंच असतं."

तिनं मान वर करून विचारलं, "नक्की?"

"नक्की," मी म्हणाले.

तिचा जीव भांड्यात पडलेला मी डोळ्यांनी बघितला. खांदे खाली आले, चेहरा सैल झाला. "मग ठीक आहे," म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. रात्री नीट जेवली, आणि आत्ता दुपारची अशी गाढ झोपली आहे की मलाच धास्ती वाटून मी सारखी उठते आहे. औषध अंगात रेंगाळतं हे खरं आहे, नाना, तेवढं मी खोटं बोलले नाही. पण तुम्हाला फरक कळलाच नसता, असं मला ठाऊक नाही. आणि तुम्ही जिंकल्यासारखे हसत होतात त्या सकाळी ती बोलली असती तर काय झालं असतं, हे तिनं विचारलं नाही आणि मी काढलं नाही. उद्या विचारलं तर काय सांगू, हे काल रात्रीपासून घोळवते आहे.

आत पलंग करकरला. उठली वाटतं. भिंग घेऊन का होईना, ती अजून वाचते, तेव्हा हे कागद घरात ठेवून चालणार नाही, फाडून टाकते. हाक मारते आहे, "अगं, चहा टाकू का?" आवाज किती मोकळा आहे तिचा. तुमच्या घरात मी 'नक्की' म्हणाले, नाना, झाकलेली बाजू न बघता. आणि तिनं पुन्हा विचारलं तर पुन्हा म्हणेन.