संगीतकाराची खुर्ची

शनिवार, संध्याकाळ

ह्यांना आज त्या आर्मेनियन संगीतकाराचं घर दाखवायला नेलं. आता तिथे म्युझियम आहे. विसरण्याचा आजार सुरू व्हायच्या आधी हे रोज त्याच्या रेकॉर्ड्स ऐकायचे. वाटलं, काहीतरी आठवेल. छे! पियानो वाजत होता आणि चेहरा कोराच.

मग दोरी ओलांडून सरळ त्याच्या खुर्चीत जाऊन बसले. मी ओशाळले. गाइड म्हणाली, "इट्स ओके, लेट हिम सिट." त्या खुर्चीत किती निवांत दिसत होते! आमच्या घरात रोज विचारतात, "घरी कधी जायचं?" तिथे एकदाही नाही. का?

निघताना मी हात धरला, तर मलाच दारापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "तुम्ही आलात, बरं वाटलं. आमची ही नेमकी बाहेर गेलीय. पुन्हा या, भेट होईल."

मी म्हटलं, "येईन."