ओट्यावरून चालत गेलेला पेला

ती. ताईस,

नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत, भावोजींचा खोकला गेला की अजून सकाळी घरात सगळ्यांच्या आधी तोच उठतो, हे कळव. इकडे आम्ही तिघंही खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे मी खुशाल नाही. गेल्या तीन आठवड्यांत मला एकामागून एक असे धक्के बसले आहेत, की आता दारावरची बेल वाजली तरी मी आधी खुर्ची धरतो आणि मग दाराकडे बघतो. (तुझी भावजय म्हणते, मी पहिल्यापासूनच असा होतो. ते सोड.) आई मात्र उत्तम आहे. बाबा गेल्यापासून आठ महिन्यांत इतकी उत्तम कधी नव्हती, आणि त्याचं कारण सांगण्यासाठीच हे पत्र.

झालं असं. तीन आठवड्यांपूर्वी दुपारची जेवणं झाली. तुझ्या भावजयीने कढत पाण्याने भांडी धुतली आणि काचेचे पेले नेहमीसारखे ओल्या ओट्यावर पालथे घातले. मी हात पुसत उभा होतो. आई टेबलाशी बसून गोळ्या निवडत होती (सकाळची कुठली आणि दुपारची कुठली हा वाद आमच्याकडे रोज नव्याने होतो). तेवढ्यात टोकाचा पेला हलला. कोणी हात लावला नाही, वारा नाही, पंखा बंद. पेला सावकाश, अगदी घाई नसल्यासारखा, वीतभर चालत गेला आणि बेसिनच्या कडेला जाऊन थांबला. ताई, मी तीस वर्षं लोकांचे डोळे तपासतो. न दिसणारं दिसतं म्हणणारे आणि दिसणारं दिसत नाही म्हणणारे, दोन्ही प्रकारचे लोक मी रोज बघतो. मी जवळच्या पालथ्या बादलीवर बसलो. बादली प्लॅस्टिकची होती. ती आता नाही.

तुझी भावजय हातात पळी घेऊन पुतळ्यासारखी उभी. आईने मात्र गोळ्यांतून मान वर केली, पेल्याकडे बघितलं आणि बाहेर कोणाच्या चपला वाजल्यावर म्हणावं तितक्या सहज म्हणाली, "हे आले वाटतं."

तुला माहीत आहे, आई ज्यांना ‘हे’ म्हणते असा माणूस जगात एकच होता. तू म्हणशील, लगेच मला फोन का केला नाहीस. तू आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलंस हे खरं, पण तू आधी हसतेस आणि मग कारण सांगतेस. त्या वेळी मला हसणं सोसवलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या भांड्यांना आई स्वतः ओट्याशी येऊन उभी राहू लागली. एक पेला ती स्वतः कढत पाण्यात बुडवायची, स्वतः पालथा घालायची आणि त्याला प्रश्न विचारायची. बेसिनकडे गेला तर हो, खिडकीकडे गेला तर नाही. रेडिओ माझ्या उशाशी ठेवायचा का? पेला बेसिनकडे. दुधावरची साय मला चालेल का? बेसिनकडे. (डॉक्टरांनी सहा महिन्यांपूर्वी बंद केली होती. डॉक्टरांपेक्षा पेला मोठा.) मुलाने मिशी ठेवलेली बरी दिसते का? खिडकीकडे. मी दुसऱ्या दिवशी मिशी काढली, ताई. सव्वीस वर्षांची मिशी. चष्म्याच्या दुकानात मालकांनी मला ओळखलं नाही, नंबर काढायला आलोय असं समजून बसायला सांगितलं.

आता वाटतं, मला तेव्हाच शंका यायला हवी होती. बाबा आणि आईच्या बाजूने? आठव जरा. बाबा दिवसभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि दुसऱ्यांचे शब्द लावता लावता घरी येईपर्यंत त्यांचे स्वतःचे संपलेले असायचे. जे दोन-चार उरायचे त्यांतला एक ‘नको’ असायचा. तो माणूस लागोपाठ आठ दिवस आईच्या मनासारखं बोलतो आहे, यात विज्ञानाला आव्हान देणारं काही असेल तर ते एवढंच होतं. पण भेदरलेल्या माणसाला एवढं सुचत नाही.

मग नवव्या दिवशी आईने पेला ठेवला आणि विचारलं, "मी मागच्या खोलीत राहायला जाऊ का?"

इथे तुला आणि मला दोघांनाही मान खाली घालायला हवी. दुकानाची इमारत पाडणार म्हटल्यावर मी घरीच नंबर काढायचं ठरवलं, हे तुला ठाऊकच आहे. अक्षरांचा तक्ता वीस फुटांवर लागतो आणि आपल्या घरात वीस फूट लांब खोली एकच, आईची, रस्त्याकडची. आईला मागच्या खोलीत हलवायचं, असं तू आणि मी फोनवर सगळं ठरवलं. कपाट कुठे, पलंग कुठे, पडद्याचा रंगसुद्धा. आईला सांगायचं तेवढं राहून गेलं होतं. ‘सावकाश सांगू’ असं आपलं ठरलं होतं. तिने ते कुठून ऐकलं, देव जाणे. पेला खिडकीकडे गेला, तोही नेहमीपेक्षा जोरात.

त्या दिवशी मी ठरवलं, याचा छडा लावायचा. आई शेजारी बसायला गेली की मी ओट्याशी. थंड पेला जागचा हलत नाही. गरम पेला कोरड्या ओट्यावर हलत नाही. गरम पेला आणि ओला ओटा एकत्र आले की चालतो. दोन पेले फोडून मी एवढ्यापर्यंत पोचलो आणि पुढे डोकं चालेना, म्हणून खालच्या मजल्यावरच्या फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. तो आला, त्याने एकदा बघितलं आणि म्हणाला, "यात माणूस नाही साहेब, हवा आहे." पेला तापलेला असतो, त्याने आतली गार हवा तापते, तापली की फुगते. काठाखाली पाणी असल्यामुळे तिला पटकन बाहेर पडता येत नाही, मग ती पेल्यालाच केसभर उचलते. पेला पाण्यावर तरंगल्यासारखा होतो आणि जिकडे उतार तिकडे निघतो. फ्रिजचं दार लावून लगेच उघडायला गेलं तर घट्ट लागतं ना, म्हणाला, ते याच्या उलटं. आत शिरलेली गरम हवा गार होऊन आक्रसते आणि दार ओढून धरते. मी त्या दाराशी गेली वीस वर्षं झटापट करतो आहे आणि रबर खराब आहे असं समजत होतो.

पण मग पेला कधी इकडे, कधी तिकडे का? फ्रिजवाल्याने पिशवीतून बुडबुड्याची पट्टी काढली (गवंडी सपाटी बघायला वापरतात ती) आणि ओट्यावर ठेवली. आपल्या ओट्याला मधोमध जोड आहे ना, त्याच्या डावीकडे उतार बेसिनकडे आणि उजवीकडे उतार खिडकीकडे. ज्याने दगड बसवला त्याची चूक. चाळीस वर्षं आपण तिच्यापायी चहा सांडून घेतो आहोत. म्हणजे पेला कुठे ठेवायचा हे ठरलं की उत्तर ठरलं. आणि पेला कोण ठेवत होतं, ते तुला वर सांगितलंच आहे.

मला वाटलं, आईला हे माहीत नाही. तिचा हात आपोआप तिकडे जात असेल, मन जिकडे ओढ घेईल तिकडे. म्हातारीचा भ्रम दूर करणं हे मुलाचं कर्तव्य आहे, असं मी तुझ्या भावजयीला म्हणालो. ती म्हणाली, करू नका. मी केलं.

रविवारी दुपारी मी सगळ्यांना स्वयंपाकघरात बसवलं. फ्रिजवाल्यालाही बोलावलं, साक्षीदार म्हणून. हवेवर पाच मिनिटं बोललो. तू असतीस तर मला पास केलं असतंस. मग पेला कढत पाण्यात बुडवला, ओल्या ओट्यावर जोडाच्या डावीकडे पालथा घातला आणि हात मागे बांधून उभा राहिलो. पेला हलला नाही. पुन्हा बुडवला, पुन्हा ठेवला. ढिम्म. फ्रिजवाला छताकडे बघू लागला. मी घाम पुसत म्हणालो की हवामानामुळेही कधी कधी...

"काठाचा टवका उडालाय त्याचा," आई खुर्चीतून म्हणाली. "हवा निसटते. दुसरा घे."

ताई, आधीचे सगळे धक्के या धक्क्यापुढे काहीच नव्हते. (तो टवका डोळे तपासणाऱ्याला दिसला नाही, ही वेगळी गोष्ट.) मी विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, साठ वर्षं भांडी धुतेय. नव्याने संसाराला लागले तेव्हा पहिल्यांदा पेला चालला आणि मी किंचाळले, तर ह्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. पेला, हवा, बाण. मग पुढे म्हणाली, तुम्ही दोघं शाळेत गेलात की हे जेवायला घरी यायचे आणि जेवण झाल्यावर आम्ही शर्यत लावायचो. त्यांचा एक पेला, माझा एक. हरले की रुसायचे.

बाबा. आपले बाबा. ज्यांना आपण हसताना बघितल्याचं तुला एकदा आठवतं आणि मला तेही नाही. मी पुन्हा बादली शोधत होतो.

मी म्हणालो, मग ‘हे आले’ असं का म्हणालीस?

"पेला चालला की येतातच ते," ती म्हणाली. "त्याला दुसरं काय म्हणू?"

आणि ते प्रश्न? खोलीचा?

तिने गोळ्यांची डबी बंद केली. "मला कोणी काही विचारत नव्हतं," ती म्हणाली. "पेल्याचं मात्र तुम्ही ऐकत होता."

फ्रिजवाला उठला, पट्टी पिशवीत घातली आणि निघून गेला. तुझी भावजय भांड्यांकडे वळली. त्यात धुवायचं काही नव्हतं तरी तिने ती सगळी पुन्हा धुतली. मी आईशेजारी बसलो आणि विचारलं, तुला कुठे राहायचंय? तिने ते उत्तर मागे ठेवलं. आधी म्हणाली, तक्ता लावायचाय तर मागच्या खोलीत लाव. डोक्यामागे लाव आणि समोर आरसा लाव. दहा फुटांचे वीस होतात. ही गोष्ट मी शिकलेलो आहे, ताई. परीक्षेला आली होती. मी चकित होऊन विचारलं, तुला कोणी सांगितलं? तर म्हणाली, चौकातल्या चष्मेवाल्याकडे असंच आहे. चार वर्षं तिथेच जाते नंबर काढायला. पोटच्या पोराला मला दिसत नाही म्हणून सांगायचं कसं.

पुढच्या महिन्यात मागच्या खोलीत आरसा लागेल. समोरची खोली आईचीच राहील. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. मिशी पुन्हा येते आहे, पण पांढरी.

तुझा भाऊ

ता. क. : खरं म्हणजे पत्र यासाठी लिहिलं की आईने शेवटी उत्तर दिलं. तिला दोन-तीन महिने तुझ्याकडे यायचंय. मी लगेच तिकीट काढायला निघालो तर तिने हात धरून बसवलं. म्हणाली, आधी तिला विचार, तिला जमेल का, नाही म्हणायची मोकळीक ठेव. तेव्हा विचारतो आहे. जमेल का?

ता. क. दुसरा : उत्तर आईच्या नावाने पाठव. माझ्या नावाने आलेली पत्रं मी तिला वाचून दाखवताना मधले परिच्छेद गाळतो, असं तिचं म्हणणं आहे. हे पत्रही मी तिला वाचून दाखवलं. बाबांच्या शर्यतीचा परिच्छेद गाळला होता. तिने तो मला तोंडपाठ म्हणून दाखवला आणि वर सांगितलं की रुसायचे हे खोटं, रडायचे, तसं लिही.