माझी नळी कोणाकडे राहावी, याविषयी

उकळतं पाणी मडक्यात ओतलं की आधी एक दबका हुंकार येतो, जणू कोणी म्हातारा झोपेत कूस बदलतो. मग दारूसाठी आंबवलेला बाजरीचा रांधा फुगतो, आणि मग भोवती बसून ती दारू ओढणाऱ्या वीस-बावीस जणांच्या लांब नळ्यांतून एकदम सुरसुर सुरू होते. माझे वडील मला मांडीवर घेऊन त्या रिंगणात बसत, तेव्हाचा हा आवाज आहे. मी तेव्हा चार वर्षांचा असेन. तो मला आजही जसाच्या तसा ऐकू येतो. यावरून माझे कान आणि माझी स्मृती शाबूत आहेत, असे वाचणाऱ्याने समजावे.

मी, योकोसोफाती एस्विलू, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार ओलुपे, तेसो, युगांडा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शुद्धीचा मुद्दा मुद्दाम लिहितो. आत्ता दुपारचे पावणेतीन झाले आहेत. चार वाजल्यानंतर मी शुद्धीत असेन की नाही, याची हमी आज मला देता येत नाही. म्हणून घाई.

१. घर, त्यामागची दोन आंब्याची झाडे आणि विहिरीकडची पट्टी माझी मुलगी तेझिरा अन्याइत हिला द्यावी. शेतजमीन आमच्या कुळाची आहे, ती माझ्या दोन मुलांकडे रीतीप्रमाणे जाईल. मुलांनी बहिणीशी घरावरून वाद घालू नये. आई आजारी असताना दोघे कंपालात होते, आणि पाणी कोणी तापवलं हे मला माहीत आहे.

२. बँकेत जे काही आहे ते तिघांत समान. ते इतकं थोडं आहे की त्यावर भांडण झालं तर मला तिकडे लाज वाटेल.

३. सायकल झेफानिया ओडेके याला द्यावी, असे मी मागच्या वर्षीच्या कच्च्या कागदात लिहिले होते. ते मी आज रद्द करतो. सायकल दुरुस्त करणाऱ्याकडे सायकली पुष्कळ असतात.

ओडेके कोण, हे नातवंडांना कळावे म्हणून लिहितो. मी सत्तावन्न वर्षांचा असताना माझा हात फळ्यावर खडू धरू शकत नव्हता. सकाळी वर्गात जाण्याआधीसुद्धा मी शेजारच्या अग्वांगबाईच्या दारूच्या मडक्यावर जाऊन येत असे. तालुक्याच्या इस्पितळात सहा आठवडे मला ठेवलं. घरी पाठवताना तिथल्या वॉर्डातल्या वयस्कर सिस्टरने मला विचारलं,

"मास्तर, तुमची वेळ कोणती?"

"कसली वेळ?"

"तहान लागायच्या आधी एक वेळ येते. ती ओळखा. तहान लागल्यावर ओळखून उपयोग नाही."

मी विचार करून म्हणालो, "चार. गावात मडकं मांडतात ती वेळ."

"मग चार वाजता तुमच्या शेजारी कोण बसणार, ते इथेच ठरवून जा."

मी माझं गाठोडं बांधू लागलो. माझी बायको पेरुसी अजिलोंग हिने मात्र क्षणाचाही विचार न करता नाव घेतलं, "झेफानिया ओडेके." ती इतक्या पटकन बोलली, याचा मला आजही राग आहे.

या ओडेकेने आमच्या लग्नाआधी पेरुसीला मागणी घालून तिच्या बापाला आठ गाई देऊ केल्या होत्या. माझ्या वडिलांनी बारा दिल्या. चर्चच्या गाण्यात तो आणि पेरुसी शेजारी उभे राहत. त्याने आयुष्यात कधी नळीला तोंड लावलं नाही, कारण त्याचा थोरला भाऊ दारूने गेला. असा माणूस दुसऱ्या दिवसापासून रोज चार वाजता बगलेत ओम्वेसोचा पट घेऊन माझ्या ओट्यावर येऊ लागला. खळ्यांत बिया टाकायचा, मला हरवायचा, आणि अग्वांगकडचं रिंगण उठलं की घरी जायचा.

पेरुसी त्याला शेंगदाण्याच्या कालवणाचा वाडगा भरून देई. माझ्याही वाडग्यात तेवढंच असे. मी मोजत असे, म्हणून सांगतो. ती त्याच्या गोष्टींना हसायची. एकदा तो गेल्यावर मी म्हणालो, "हसायला तुला बरा सापडतो तो."

"तो हसवतो," ती म्हणाली. "तुम्ही कविता म्हणता."

पहिल्याच वर्षी ओडेके एका मयताला सोरोटीला गेला. चार वाजले, ओटा रिकामा होता, आणि मी उठून अग्वांगकडे गेलो. नळी नव्हती तर दुसऱ्याची ओढून घेतली. रात्री मला तेझिराने हातगाडीवर घालून आणलं. सकाळी पेरुसीने मला सिस्टरपुढे उभं केलं, कारण घसरलं तर त्याच दिवशी सांगायचं असं ठरलं होतं. सिस्टरने एवढंच विचारलं, "काल शेजारी कोण होतं?" त्याच दिवशी चार वाजता ओडेके आला. मला वाटलं, आता ऐकवेल. त्याने पट मांडला आणि म्हणाला, "मास्तर, तुमची चाल."

त्यानंतर तेरा वर्षे मी प्यालो नाही. त्याचे श्रेय त्याला देतो. आवडीने देत नाही.

४. पत्र्याच्या पेटीतल्या सात वह्या, म्हणजे माझ्या कविता. त्या शाळेला द्याव्यात, पण मुख्याध्यापकाच्या कपाटात ठेवू नयेत. मुख्याध्यापक सध्या पेत्रो इचुमार आहे. तो माझा विद्यार्थी. अकरा वर्षांचा असताना त्याने जिल्ह्याच्या पाठांतर स्पर्धेत माझी 'बगळ्यांची शाळा' म्हटली:

पुढं गाय, मागं बगळ्यांची रांग,
वारा पुसतो, "राहिलं कोण? सांग!"

मी हे दरवर्षी वर्गात म्हणत असे आणि मुलं खिडकीबाहेर बघत. त्याने म्हटलं तेव्हा मंडपातलं एकही पोर बाहेर बघत नव्हतं. तपासनिसांनी त्याला उचलून घेतलं. कविता कोणाची, हे कोणी विचारलं नाही. मी टाळ्या वाजवल्या, आणि माझ्या ओळी त्याच्या तोंडात जास्त शोभल्या म्हणून घरी येताना दोन मैल त्याच्याशी बोललो नाही. तो मात्र पुढे उड्या मारत चालला होता.

हाच इचुमार पाच आठवड्यांपूर्वी त्याच वॉर्डातून घरी आला. त्याचीही वेळ चार.

५. आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. माझी नळी.

नळी माझ्या वडिलांची. साडेपाच हात लांब, तोंडाशी पितळेचं कडं, बुडाशी विणलेली जाळी. माझ्यानंतर ती थोरल्या मुलाकडे जाते आणि तिच्याबरोबर रिंगणातली जागा जाते. मी इस्पितळातून आलो तेव्हा ती छपराला नव्हती. पेरुसी म्हणाली, "सोय केली." मला वाटलं, जाळली. वाईट वाटलं, कारण माझी आत्या म्हणत असे की जिवंत माणसाची नळी जाळणं म्हणजे त्याचं प्रेत उचलणं.

दोन वर्षांपूर्वी पेरुसी गेली. तिच्या मातीला जमलेल्या बायकांत तेझिराच्या तोंडून निघालं: आईने नळी जाळली नव्हती, ओडेकेकडे ठेवायला दिली होती. त्याच्या दुकानात, सायकलीच्या तारांमध्ये, ती बारा वर्षे आढ्याला लटकत होती. माझी जागा माझ्या बायकोने त्या माणसाच्या छपराखाली ठेवली! घरात ठेवली असती तर मी प्यालो असतो, जाळली असती तर मी मेल्यासारखा झालो असतो, हे मला कळतं. तरी दुसरं छप्पर नव्हतं का गावात?

मी ती परत मागितली नाही. मागितली असती तर त्याला द्यावी लागली असती.

पेरुसी गेल्यावर मला वाटलं, आता येणार नाही हा. ज्या वाडग्यासाठी येत होता तो वाडगा गेला. मातीच्या तिसऱ्या दिवशी चार वाजता तो बगलेत पट घेऊन फाटकात उभा. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याला मुद्दाम जिंकू दिलं. तो माझ्यासाठी येत होता, हे समजायला मला बारा वर्षे आणि एक मरण लागलं. आणि ते समजून दोन वर्षे होत नाहीत तोच तो इचुमारकडे जाऊ लागला.

नऊ दिवसांपूर्वी तो सकाळीच आला. म्हणाला, "मास्तर, चार वाजता मी त्या पोराकडे बसणार. तुमच्याकडे सकाळी येत जाईन."

"सकाळी मला कोण लागतं? सकाळी मी कोंबड्यांना दाणे टाकतो."

"तुम्ही आता चालता. तो अजून रांगतोय."

"मग मीही पडून दाखवू का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, टोपी घातली आणि गेला. त्या दिवसापासून सकाळीही आला नाही.

इचुमारने माझ्या ओळी घेतल्या, माझी शाळा घेतली, आता माझी चार वाजताची वेळ घेतली. हे लिहिताना मला लाज वाटते आणि तरी लिहितो, कारण मृत्युपत्रात खोटं लिहायचं नसतं.

आज सोमवार. नव्या बाजरीचं पहिलं मडकं अग्वांगकडे मांडलं आहे. सकाळी ती कुंपणावरून म्हणाली, "मास्तर, बसा की आज येऊन. चौदा वर्षं रुसलात, पुरे झालं." मी हसलो. पण तेझिरा बाजाराला निघाली तेव्हा तिच्या हाती ओडेकेसाठी चिठ्ठी दिली: "माझी नळी पाठवून दे." कशासाठी, ते लिहिलं नाही. त्याला कळेल.

म्हणून कलम पाचचा हुकूम: नळी माझ्या हाती आली तर माझ्याबरोबर पुरावी. माझ्या मुलांपैकी कोणीही ती तोंडाला लावू नये. आणि ओडेकेकडे ती पुन्हा जाऊ नये.

६. ओम्वेसोचा पट ओडेकेचाच आहे. नऊ दिवसांपूर्वी तो न्यायला विसरला. बिया पूर्ण आहेत.

ठिकाण: ओलुपे. दिनांक: १९ ऑगस्ट २०१९.

सही: यो. एस्विलू

साक्षीदार पहिला: एरिसा ओमोडिंग, शिंपी, चर्चमधील वाचक. (कोऱ्या पानावर सकाळीच सही करून गेले. वाचायला थांबले नाहीत. चष्मा नव्हता.)

साक्षीदार दुसरा:

ही जागा मी ओडेकेसाठी ठेवली होती. ती तशीच राहील असं धरून मी वही मिटत होतो. अग्वांगकडे पाणी ओतल्याचा हुंकार ऐकू आला, म्हणजे चार वाजले. तेवढ्यात दार वाजलं.

दारात पेत्रो इचुमार उभा होता. शर्ट घामाने भिजलेला. दोन्ही हातांत, छातीशी आडवी धरलेली, माझी नळी.

"मास्तर," तो म्हणाला, "ओडेकेकाकांनी पाठवलं. म्हणाले, मास्तरांची वस्तू आहे, तू स्वतः नेऊन हातात दे."

"तो कुठे आहे?"

"दुकानात. म्हणाले, मला एका वेळी दोन घरांत बसता येत नाही. तुम्ही दोघं एका घरात बसा."

मी विचारलं, "कोणत्या रस्त्याने आलास?"

"एकच तर रस्ता आहे, मास्तर."

अग्वांगच्या मडक्यासमोरून. पाच आठवड्यांचा माणूस, हातात साडेपाच हात नळी घेऊन.

"हाक मारली असेल तिने."

"मारली. म्हणाल्या, नळी घेऊनच आलास, बस आता. सगळे हसले. सरकून जागासुद्धा केली."

"मग?"

"मग मी बगळ्यांची शाळा म्हणत चालू लागलो. मोठ्याने. दुसरं कडवं संपलं तेव्हा तुमचं फाटक आलं. तिसरं आठवत नाही, मास्तर. फाटक आलं नसतं तर काय केलं असतं, देव जाणे."

मी त्याच्या हातातून नळी घेतली. पितळी कडं त्याच्या घामाने गरम झालं होतं. ती मी छपराला न लावता दाराबाहेर भिंतीशी उभी केली.

कलम तीन पूर्ववत करतो. सायकल ओडेकेला. कलम पाच रद्द. उद्या सकाळी आम्ही दोघे नळी परत ओडेकेच्या दुकानात नेऊन तारांमध्ये टांगू, आणि माझ्यानंतरही ती तिथेच राहील. कलम चारमधील कपाटाची अट काढून टाकतो. तिसरं कडवं तिसऱ्या वहीत आहे, ते त्याला आज पाठ करायला दिलं आहे.

तो ओट्यावरच्या खुर्चीत बसू लागला तेव्हा मी म्हणालो, "तिथे नको. ती ओडेकेची आहे. इकडे बाकावर बस. पट काढ."

साक्षीदार दुसरा: पेत्रो इचुमार, मुख्याध्यापक.

त्याची सही वाकडी आली आहे. ज्याला शंका येईल त्याने माझ्या चौदा वर्षांपूर्वीच्या, इस्पितळातून सुटतानाच्या कागदावरची सही काढून शेजारी धरावी.