मिल्तोसला वर काढलं तो दिवस

जहाजावरून,
शुक्रवार, १९ सप्टेंबर

स्मारो,

तुला आणि तुझ्या घरी जे कोण असतील त्यांना आशीर्वाद. सगळे धडधाकट असाल असं धरून चालते. माझं म्हणशील तर गुडघे सोडून बाकी ठीक आहे.

बरोबर पोलिक्सेनी आहे. आठवते ना? आमच्या खालच्या मजल्यावरची, तुमच्या लग्नात जिने वाजंत्रीवाल्यांना दम भरला होता. आणि तिची चुलत बहीण आर्गिरो, कानाने अधू पण जिभेने खणखणीत. तीन म्हाताऱ्या, एक खोली, पाच दिवसांची सफर. दिवसभर खायला घालतात आणि एक पोरगी कर्ण्यातून ओरडत असते, मजा करा, मजा करा. मजा करून करून जीव आंबलाय माझा. परवा एका बेटावर गाढवावर बसवायला निघाले होते. मी म्हटलं, बाबा रे, त्या गाढवाचं आणि माझं वय बघ आधी.

हे कागद पोलिक्सेनी तिच्या फोनने टिपून तुला पाठवणार आहे. तुझा नंबर माझ्याकडे होताच. फोन केला असता, पण तू उचलला नसतास. आणि उचलला असतास तर मला बोलता आलं नसतं.

काल जहाज आपल्या बेटावर थांबलं होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

आता तुझ्या लक्षात आलं असेल. आपल्या मिल्तोसला काल कबरीतून वर काढलं.

पाच वर्षं झाली, कधीतरी काढायचंच होतं. पाद्री स्त्रातिस वसंतापासून मागे लागले होते. कबरस्तान एवढंसं, जुन्यांची हाडं पेटीत गेल्याशिवाय नव्यांना जागा नाही, आणि जगायला सगळे अथेन्सला गेले तरी मरून सगळे परत बेटावरच येतात. एकटीने बोटीचा प्रवास करायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तेवढ्यात पोलिक्सेनी या सफरीचं घेऊन आली. मी नाहीच म्हणणार होते, पण जहाज कुठे कुठे थांबतं ते वाचलं आणि हो म्हणून टाकलं. पाद्रींना तारीख कळवली. या दोघींना काही सांगितलं नाही. आणि तुलाही नाही. त्याचं पुढे लिहिते, जरा दम खाऊ दे.

बंदरात उतरल्यावर या दोघी निघाल्या समुद्रावर. मी म्हटलं, तुम्ही जा, मला वरच्या गावात काम आहे. पोलिक्सेनी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "थालिया, पर्समध्ये वाइनची बाटली आणि पांढरं कापड घेऊन कसलं काम गं?" रात्री माझी पर्स उचकली होती बयेने. मग सांगावंच लागलं. ती म्हणाली, "अगं मेले, आणि मी आतून पोहायचे कपडे घालून आलेय! मोठाली फुलं आहेत त्यावर!" तिथल्याच एका दुकानातून तिने काळी ओढणी घेतली, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि टॅक्सी थांबवली. आर्गिरोला काय चाललंय ते निम्म्या वाटेत कळलं. ती एकदम गप्प झाली. आर्गिरो गप्प झालेली मी पहिल्यांदा पाहिली.

वरच्या गावात आता कुणी राहत नाही, स्मारो. तू आली होतीस तेव्हा चार-पाच घरांतून तरी धूर निघायचा. सगळे खाली बंदरावर, पाहुण्यांना खोल्या भाड्याने देतात. खणायलाही माणूस नाही. थोदोसिस, जो स्कूटर भाड्याने देतो, तोच येऊन खणतो. घाईत होता. स्कूटरींचा हंगाम होता ना.

मला एकच भीती होती. ती सगळ्यांनाच असते, फक्त बोलत कुणी नाही. मातीने त्याला सोडवलं नसेल, नुसती हाडं उरली नसतील तर? मग परत पुरा, परत थांबा, आणि लोक म्हणणार, कुणाचा तरी तळतळाट आहे. मला वाटत होतं, असलाच तर स्मारोचा आहे. रागावू नकोस. कबरीच्या कडेला बसलं की असलंच काहीतरी मनात येतं.

पण छान निघाला गं माझा मिल्तोस. स्वच्छ. मेणासारखा पिवळा, पाद्री म्हणाले हे चांगलं लक्षण. डावा पाय लहानपणी मोडला होता ती खूणसुद्धा दिसली. थोदोसिसने डोकं दोन्ही हातांत धरून वर केलं आणि विचारलं, "कोण घेणार?"

थोदोसिसने आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं.

"बायको कुठाय? आधी बायकोने घ्यायचं असतं."

मी म्हटलं, "कळवलं होतं. नाही येणार म्हणाली."

हे मी म्हटलं, स्मारो. कबरस्तानात, पाद्रींच्या देखत, पोराचं डोकं समोर असताना. मग मीच पुढे झाले, ओंजळीत घेतलं, कपाळाचा मुका घेतला. पोलिक्सेनीने वाइन ओतली, मी एकेक हाड धुतलं आणि आर्गिरो पुसून कापडावर उन्हात ठेवत गेली. काही पडलं तर म्हणायची, "सांभाळून गं, लागेल त्याला."

तुला का नाही बोलावलं? तू आली असतीस म्हणून. तू येऊन म्हणाली असतीस, आता तरी द्या त्याला माझ्याजवळ. पाच वर्षांपूर्वी बंदरावर म्हणाली होतीस तेच. "आई, नवऱ्याचा दिवा लावायला मी दर वेळी आठ तास बोटीत बसू का?" मी म्हटलं होतं, तो बापाशेजारी राहील. मी चुकले असं मी लिहिणार नाही. चाळिसाव्या वर्षी हृदय बंद पडून पोरगा जातो तेव्हा आईला त्याचा बापच आठवतो. आणि पुढे तू दुसरं लग्न केलंस तेव्हा मी शेजारणीला म्हटलं, बघ, मी म्हणत नव्हते? असली मी बाई आहे. तुला नवीन नाही.

मग हाडांची पेटी घेऊन अस्थींच्या खोलीत गेलो. चर्चच्या मागची ती बुटकी खोली. त्याच्या बापाची पेटी तिथेच होती, वरून तिसऱ्या फळीवर. पुढचा दिवा कोरडा. काचेत मेलेल्या माशा. शेजारच्या पेट्यांचंही तेच, कुणाच्या नावावरचा रंग उडालेला, कुणाचा फोटो उलटा पडलेला. मी पाद्रींना विचारलं, इथे दिवा कोण लावतं? ते म्हणाले, "थालिया, मी शेजारच्या बेटावरून महिन्यातून दोनदा येतो. तू शेवटची कधी आली होतीस?"

दोन वर्षं झाली होती. आणि आता परत यायचं होईल असं मला वाटत नाही. काल टॅक्सीपासून कबरीपर्यंत चालताना दोनदा बसावं लागलं मला. थकले गं मी. रडून नाही, भांडून नाही, नुसतीच थकले.

आर्गिरोने फळीवर जागा केली होती, फडक्याने पुसलीसुद्धा. पेटी माझ्या हातात. ती म्हणाली, "ठेव ना." मला ठेववेना. ती ओरडली, "ठेव म्हणते ना, जड होतेय का?" मी म्हटलं, "नाही. हलकी आहे." एवढा दांडगा पोरगा, दारातून वाकून आत यायचा, आणि पेटी मुलांच्या बुटांच्या खोक्याएवढी हलकी. तिथेच खाली बसले. आणि पाद्रींना खरं काय ते सांगितलं, की तिला मी कळवलंच नाही, आणि आता हा तिच्याकडेच जाऊ दे. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी झग्याच्या खिशातून पेन काढलं आणि अस्थी हलवायचा कागद लिहून दिला. "आता बुद्धी सुचलीय तर फिरू देऊ नकोस," एवढंच म्हणाले.

कागद होता, पण सफरीच्या जहाजावर मेलेलं माणूस कोण घेतंय? पोलिक्सेनीने पेटी तिच्या समुद्रावरच्या पिशवीत घातली, भोवती टॉवेल, वर गवताची टोपी. जहाजाच्या दारात पिशव्या यंत्रातून जातात हे तिघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. पिशवी आत गेली आणि पट्टा थांबला. पडद्यापुढचा माणूस पन्नाशीचा, मिशाळ. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

पोलिक्सेनी म्हणाली, "बकऱ्याची हाडं आहेत. सुपाला."

तो काही हसला नाही. माझ्या काळ्या कपड्यांकडे बघून त्याने विचारलं, "मावशी, यजमान?"

"मुलगा."

त्याने टोपी काढली, छातीवर क्रुसाची खूण केली. "माझ्या भावाला गेल्या वर्षी काढलं," म्हणाला. मग पट्टा चालू न करता हात आत घालून पिशवी बाहेर घेतली, तिला धक्का लागू न देता लिफ्टपर्यंत स्वतः आणून दिली. निघताना हळूच म्हणाला, "कॅप्टनच्या कानावर घालू नका, दर्यावर्दी माणूस, घाबरेल." लिफ्टचं दार लागलं आणि आम्ही तिघी हसत सुटलो. हसता हसता माझं रडणं कधी सुरू झालं ते मलाच कळलं नाही.

आत्ता तो आमच्या खोलीत खिडकीपाशी आहे. आर्गिरो त्याला सकाळी म्हणाली, "काय रे, बोट लागत नाही ना तुला?" बाहेर ती पोरगी अजून कर्ण्यातून ओरडतेय.

आम्ही उद्या सकाळी सातला पिरेअसच्या बंदराला लागतो. तू तेव्हा जिथे मागितलं होतंस तिथे, तुमच्या घराजवळच्या कबरस्तानात ठेव. तुला चालत जाता येईल. रोज जा असं मी म्हणत नाही, तुला आता संसार आहे, लेक आहे असं ऐकलं. जमेल तेव्हा जा. तेल चांगलं घाल, त्या दुकानातलं पातळ नको. मला कधी यावंसं वाटलं तर दोन बस बदलून येईन, तू नसशील अशा वेळी येईन, नाहीतर तू सांगशील त्या वेळी.

बंदरावर फार गर्दी असते. तुझ्या माणसाला बरोबर आण. लाझारोसला. त्याला म्हणावं पेटी हलकी आहे, एका हातात मावते, तरी दोन्ही हातांनी घे.

आणि स्मारो, आधी तू घे. तो मान तुझा होता.

जहाजाच्या दारात उभी असेन,
अजूनही तुझी सासू,
थालिया