ताईचं प्रतिज्ञापत्र

प्रिय छोटे,

तुझ्या शिक्षेची सुनावणी तीन आठवडे पुढे गेली, माझी बस चुकली म्हणून कागद वेळेत पोचला नाही, हे वकीलबाईंनी तुला सांगितलंच असेल. घरी येऊन आईला सांगितलं, तर तिने पहिलं विचारलं, "तिला तिथे तुरुंगात पांघरूण पुरतंय का गं?" मी सकाळपासून उपाशी होते. ते विचारायचं कुणाला सुचलं नाही.

तुला राग येईल, पण आज लिहितेच. लहानपणी तू कप फोडलास की आई म्हणायची, हात लहान आहेत तिचे. माझे हात कधी लहान होते, मला तरी आठवत नाही. सायकलवाल्याला गाडीने उडवून तू न थांबता घरी आलीस, तेव्हाही ती म्हणाली, घाबरली असेल पोर. माणूस गेला होता, छोटे.

आईची डावी बाजू गेल्याला दोन वर्षं झाली. कूस बदलणं, अंग पुसणं, घास भरवणं, सगळं माझ्याकडे. तू महिन्यातून दोनदा यायचीस, तिची नखं रंगवायचीस, तिला हसवायचीस आणि जायचीस. मग पंधरा दिवस ती त्या नखांकडे बघत पडायची. परवा मी पाठ पुसत होते, तर म्हणाली, छोटीचा हात कसा हलका आहे. माझ्या हातातला पंचा तसाच राहिला. जळफळाट म्हणतात तो हाच, आणि वयाच्या पन्नाशीत त्याची लाजही वाटत नाही.

त्यात वकीलबाईंनी प्रतिज्ञापत्र लिहून आणलं. 'आईची सर्व शुश्रूषा धाकटी मुलगी करते, तिच्यावाचून आईला आधार नाही.' खाली सही माझी. "न्यायाधीशांना दया येईल. तुम्ही मोठ्या, एवढं कराल ना?" एवढं! माझी दोन वर्षं तुझ्या नावावर करायची, आणि वर शपथ घ्यायची.

आता खरं सांगते. बस चुकली नव्हती. शेजारणीला आईजवळ बसवून मी तासभर आधीच कोर्टात पोचले होते. कागद पर्समध्ये होता, सही केलेला. तुझं नाव पुकारलं तेव्हा मी खालच्या जिन्यात बसून होते, आणि उठले नाही. मग तारीख पडली आणि त्या सायकलवाल्याची बायको जिना उतरून आली. कामावर रजा टाकून आली होती, फोनवर कुणाला तरी तेच सांगत होती. मी तिला आधीच्या तारखांना पाहिलं होतं, ती मला ओळखत नव्हती. "जरा सरकता का?" म्हणाली. मी सरकले. तुझ्यावर जळता जळता मी तिलाच रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं.

तो कागद मी फाडला. नवा माझ्या हाताने लिहिलाय. आईला मी सांभाळते, आणि आई वाट धाकटीची बघते. दोन्ही खरं आहे, आणि दुसरं वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. याने तुझी शिक्षा कमी होईल की नाही, वकीलबाईंनाही सांगता येत नाही. तुला नको असेल तर तसं त्यांना कळव, म्हणून हे पत्र. पण सुनावणीच्या दिवशी मी पहिल्या बाकावर असेन. ती बाई आली, तर तिच्याशेजारी.

तुझीच,
ताई