यादीतील सत्तेचाळिसावा पक्षी कमी करण्याबाबत

प्रति,
मा. सचिव,
चिंचवेल तलाव पक्षीगणना समिती,
मु. पो. येरमाळा, ता. कळंब, जि. धाराशिव.

अर्जदार : श्रीमती पुतळाबाई राजपाल ओव्हाळ, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय ७२, रा. चिंचवेल.

विषय : वसंत पक्षीगणनेतील अनुक्रमांक ४७, 'बोरू वटवट्या, प्रौढ नर – १', ही नोंद रद्द करणे व तलावाच्या दक्षिण काठावरील प्रवेशबंदी उठवणे याबाबत.

संदर्भ : १) समितीची यादी, दि. २ मार्च २०२६. २) दक्षिण काठावर दि. ६ मार्च रोजी लावलेली पाटी.

महोदय,

१. अर्जदार आपणांस कळवते की, नोकरीतून निवृत्त झाल्यापासून चौदा वर्षे ती दर रविवारी सकाळी गावातल्या मुलांना चिंचवेल तलावावर पक्षी ओळखायला नेत आली आहे. अर्जदाराकडे दुर्बीण एकच, आणि तिच्या डाव्या बाजूने धूसर दिसते. त्यामुळे शिकवण्याची पद्धत अशी ठेवली, की आधी डोळे मिटायचे, ऐकायचे, आवाजाकडे बोट करायचे आणि मगच डोळे उघडायचे. बदकांना एवढे करावे लागत नाही. चक्रवाक विटकरी असतो, थापट्याची चोच चमच्यासारखी असते, हळदी-कुंकू बदकाचे तर नावातच सगळे आले. वटवट्ये मात्र एकजात मातकट आणि कायम पानाआड. ते कानानेच ओळखावे लागतात, आणि ते शिकवायला धीर लागतो. तो अर्जदाराकडे आहे, असे लोक म्हणत असत.

२. गेल्या दिवाळीनंतर समितीने श्री. शिवानंद ईरण्णा कोरे यांना पक्षी-मार्गदर्शक म्हणून नेमले. नेमणुकीला हरकत नाही. शिवानंद हे अर्जदाराचेच विद्यार्थी. चौथीत असताना टिबुकली म्हणजे बदकाचे पिल्लू नव्हे, हे त्यांना पटवायला अर्जदाराचे तीन रविवार गेले होते. आता त्यांच्याकडे हातभर लांब कॅमेरा आहे, तीन पायांवर उभी राहणारी दुर्बीण आहे, आणि आवाज ऐकवला की पक्ष्याचे नाव सांगणारे ॲप मोबाईलमध्ये आहे. नोव्हेंबरात अर्जदाराबरोबर बावीस मुले होती. डिसेंबरात नऊ राहिली. संक्रांतीनंतरच्या रविवारी दोन आली, त्यातला एक शेळी शोधायला आला होता.

मुलांना कारण विचारले असता, "बाई, तुमी डोळं मिटायला लावता. सर डोळ्याला दुर्बीण लावायला देतात," असे उत्तर मिळाले. उत्तर चोख आहे. शेजारच्या कमलबाई म्हणाल्या, "बाई, तुमच्या पोटात दुखतंय, दुसरं काय न्हाय." अर्जदाराच्या पोटात काहीही दुखत नाही, याची समितीने नोंद घ्यावी.

३. आता मूळ मुद्दा. अनुक्रमांक ४७ ची नोंद पुढील कारणांनी टिकत नाही. दक्षिण काठावरचे बोरूचे बेट सहा वर्षांपूर्वी जळाले. ते पुन्हा फुटून दोनच वर्षे झाली आहेत, आणि सगळे कापले तरी एक टेम्पो भरणार नाही. तेव्हापासून बोरू वटवट्याचा आवाज तलावावर कोणी ऐकलेला नाही, आणि अर्जदाराने नाही ऐकला म्हणजे तो झालाच नाही असे धरायला हरकत नसावी. दुसरे, हातभर कॅमेरा जवळ असून पक्ष्याचा फोटो नाही. तिसरे, गातो तो नरच, एवढ्या आधारावर यादीत 'प्रौढ नर' असे लिहिले आहे. 'प्रौढ' याबद्दल वाद नाही. 'नर' याला मात्र अर्जदाराची ठाम हरकत आहे. कारण पुढे येईल.

४. या एका नोंदीमुळे वर्तमानपत्रात 'सहा वर्षांनी बोरू वटवट्या परतला' अशी बातमी आली, शिवानंद यांचा सत्कार ठरला, आणि दक्षिण काठावर पाटी लागली : 'दुर्मीळ पक्ष्याचे विणीचे ठिकाण. शांतता राखा. मार्गदर्शकाशिवाय प्रवेश बंद.' दि. ८ मार्च रोजी अर्जदार उरलेल्या दोन मुलांना घेऊन गेली असता राखणदार रेवणसिद्ध यांनी काठी आडवी धरली. "बाई, फुडं जाऊ नका. पक्षी बुजंल." तो बुजणार नाही, असे अर्जदाराने सांगितले. "तुमाला काय म्हाईत?" असे ते म्हणाले. अर्जदाराला खरे उत्तर माहीत होते. ते दोन मुलांसमोर देण्याची हिंमत झाली नाही. अर्जदार परत फिरली.

५. दि. २२ फेब्रुवारी, म्हणजे गणनेच्या दिवशी, अर्जदार उजाडण्याआधीच बोरूच्या बेटात जाऊन बसली होती. शिवानंद मुलांना काय शिकवतात ते बघायचे होते. याला चोरून ऐकणे म्हणतात, आणि ते वाईट असते, असे अर्जदारानेच छत्तीस वर्षे वर्गात शिकवलेले आहे.

सातच्या सुमारास शिवानंद तीस मुलांना घेऊन काठावर आले. त्यांनी मोबाईलला छोटा स्पीकर जोडून बोरू वटवट्याचा आवाज लावला. अर्जदाराची या पद्धतीलाच हरकत आहे. विणीच्या दिवसांत असा आवाज लावला की पक्ष्याला वाटते, आपल्या हद्दीत दुसरा कोणी येऊन गातो आहे. मग तो खाणेपिणे सोडून भांडायला बाहेर पडतो. स्वतःच्या जागेवर दुसरा येऊन गायला लागला म्हणजे जिवाची काय तगमग होते, हे समितीला कोणीतरी सांगणे जरूर आहे.

आवाज तीनदा लावला, उत्तर आले नाही. मुले हिरमुसली. एक पोर म्हणाले, "सर, बाई म्हणायच्या हितं हुता तो पक्षी." त्यावर शिवानंद म्हणाले, "कधी नव्हताच रे. बाईंच्या कानाला भास झाला असंल. वय झालंय त्यांचं." तीसच्या तीस मुले हसली. त्यांतली वीस मी डोळे मिटायला शिकवलेली होती.

त्यानंतर बेटातून जो आवाज आला, तो माझा होता.

इथपर्यंत अर्जाची शिस्त म्हणून 'अर्जदार' लिहीत आले. आता तसे लिहिता येत नाही. अनुक्रमांक ४७ वरील पक्षी मी आहे.

६. त्या पक्ष्याचा आवाज मी अनेक वर्षे मुलांना तोंडाने काढून दाखवत आले : आधी घशातली खरखर, मग तीन किटकिट, मग एक लांब ओढ. भास झाला म्हणता काय, एवढेच त्या क्षणी डोक्यात होते. मुले ओरडली. शिवानंद यांनी मोबाईल पुढे धरला. मी आणखी दोनदा आवाज काढला. पुन्हा काढायची काही गरज नव्हती. ॲपने नाव दाखवले आणि शंभरात एक्क्याण्णव खात्री सांगितली. शिवानंद यांनी ती मोठ्याने वाचून दाखवली. याचा मला आनंद झाला नाही असे लिहिले, तर अर्जात खोटे लिहिल्यासारखे होईल. घरी येईपर्यंत मी हसत होते. यादी आली तेव्हा हसू गेले, आणि पाटी लागली तेव्हा कळले, की माझ्या शांततेत बाधा येऊ नये म्हणून समितीने मलाच बंदी केली आहे.

७. एवढे होऊनही मी गप्प राहिले असते. तक्रार शिवानंद यांची करायची आणि स्वतःचे झाकायचे, अशा बेताने या अर्जाचे पहिले चार मुद्दे मी मंगळवारीच लिहून ठेवले होते. त्यांतली 'नर' या शब्दाची हरकत आणि राखणदाराला न दिलेले खरे उत्तर, एवढे आज घातले आहे. काल, गुरुवारी, सहावीतली श्रावस्ती वही घेऊन घरी आली. तिच्या वहीत २२ फेब्रुवारीला असे आहे : 'सकाळी ७.१०. बोरूचे बेट. बाई – १. हिरवी साडी. आवाज चार वेळा.'

मला आवाज तीनदा काढल्याचे आठवत होते. ती चार म्हणते, म्हणजे चारच असणार.

ती म्हणाली, "बाई, सर म्हणाले यादीशी जुळत न्हाय ते खोडून आणा. रविवारी वह्या तपासायच्यात. खोडू का?" तू त्याच दिवशी का बोलली नाहीस, असे मी विचारले. "तुमी लपला हुता ना, म्हणून."

महोदय, तीस वह्यांमध्ये एकच नोंद बरोबर आहे, आणि तीच खोडायला सांगितली गेली आहे. दिसले तेच लिही, ऐकले तेवढेच लिही, शेजारच्याच्या वहीत डोकावू नकोस, हे तिला मी शिकवले. आता तिने माझ्यापायी ते मोडावे, आणि विचारायलाही माझ्याकडेच यावे! तिला मी रविवारपर्यंत थांब म्हटले आहे. तिने वही पिशवीत घातली आणि गेली.

८. तरी विनंती, की अनुक्रमांक ४७ रद्द व्हावा. खोडताना एकच रेघ मारावी, म्हणजे खाली काय चूक होती ते वाचता येईल. रद्द करण्याच्या कारणापुढे 'पक्षी स्वतः हजर होऊन कबूल झाला' असे लिहिण्यास माझी हरकत नाही. काठावरची बंदी उठवावी, पण बोरू कापू देऊ नये. बेट वाढले तर दोन-तीन वर्षांत खरा पक्षी येईल, आणि तेव्हा तो आधी शिवानंद यांना ऐकू आला तरी चालेल. म्हणजे, चालवून घेईन.

शिवानंद यांना या प्रकरणी बोल लावू नये. कानाने खात्री न करता ते मोबाईलवर विसंबले, हे खरे. पण आवाज चांगला होता. कोणीही फसले असते. सत्कार ठरला आहे तो होऊ द्यावा, कारण बाकीचे सेहेचाळीस पक्षी त्यांनी बरोबर मोजले आहेत. मी यादी तीनदा तपासली. चूक सापडावी म्हणूनच तपासली होती.

श्रावस्तीच्या वहीला मात्र कोणी हात लावू नये.

९. येत्या रविवारी, १५ मार्चला, सकाळी साडेसहाला मी पाटीच्या अलीकडे उभी राहून सगळ्या मुलांना हे सांगणार आहे. शिवानंद तिथे असतील. त्यांच्यासमोर सांगणे सगळ्यात जड जाईल, म्हणून ते असतानाच सांगेन. आपला आदेश त्याआधी मिळाला तर तोही वाचून दाखवेन. नाही मिळाला तरी सांगणारच आहे.

आपली नम्र, व यादीतून कमी होण्यास सर्वस्वी पात्र,

(सही)
पुतळाबाई राजपाल ओव्हाळ
चिंचवेल, शुक्रवार, दि. १३ मार्च २०२६

सोबत :
१) कु. श्रावस्ती हिच्या वहीतील पानाची झेरॉक्स (तिला विचारून घेतली आहे).
२) समितीच्या यादीची प्रत, अनुक्रमांक ४७ ला पेन्सिलीने खूण केलेली.
३) आवाजाचा पुरावा कागदाला जोडता येत नाही. समितीने बोलावल्यास हजर होईन. सकाळची वेळ द्यावी, दुपारनंतर घसा चालत नाही.